सामान्य माणसाची लाज

योकोहामा बंदर, गोदाम क्रमांक चार.
आम्ही सहा बायका, सहा दिवे, सहा जाड काळी मार्करं,
आणि थिनरचा वास, जो डब्यातल्या भातालाही लागतो.
परदेशी मासिकं खोक्यांनी उतरतात.
आम्ही पान उलटतो, शोधतो, झाकतो.
शंभर पानांना एकशे दहा येन.

पहिल्या दिवशी इनागाकी साहेबांनी कलम वाचून दाखवलं,
एकशे पंच्याहत्तर, उभं राहून, टोपी काढून.
जे विनाकारण वासना चाळवतं,
सामान्य माणसाची लाज दुखावतं,
आणि चांगल्या चालीरीतीला धरून नाही,
ते अश्लील.
मला त्यातलं ‘विनाकारण’ फार आवडलं.
म्हणजे सकारणही काही असतं तर.

रोजच्या कामाला एवढं लागत नाही.
केस दिसला की शाई.
संगमरवरी देवतांना केस नसतात,
त्या सुटतात.

एकदा सुइणींसाठीचं जर्मन पुस्तक आलं.
पान दोनशे बारा: बाळाचं डोकं बाहेर येतंय.
तोकिए, चार मुलांची आई,
मार्करला टोपण लावून नुसती बसून राहिली.
साहेब भिंग घेऊन आले. बराच वेळ पाहिलं.
कान लाल झाले, पुस्तक टोकियोला गेलं.
अजून निकाल नाही.
तेवढ्यात किती बाळं जन्मली असतील, बिनपरवाना.

मी विचारलं, साहेब, हा सामान्य माणूस कोण?
म्हणाले, कुणीही. समाजातला.
मग आम्ही सहाजणी? रोज एवढं बघतो, आमची लाज?
तुम्ही, ते म्हणाले, कर्मचारी.

संध्याकाळी सार्वजनिक न्हाणीघर.
वाफेत चाळीस बायका, अंगावर सूत नाही.
म्हाताऱ्या, पोटुशा, शिवलेल्या पोटांच्या,
कुणाची पाठ कुणीही चोळतंय, भाजीचे भाव चाललेत.
इथे कलम लागत नाही,
साबण आपापला लागतो.
माझ्या बोटांची शाई निघायला सगळ्यांत उशीर.

मार्चपासून घरात लोणी पुरेना.
आठवड्याची वडी तीन दिवसांत गडप.
पाव खाणारी मी एकटी, नवरा बोटीवर.
उंदीर असतील, सासरे म्हणाले,
वर्तमानपत्रातून डोकं न काढता.
वय एकाहत्तर. शाळेत अडतीस वर्षं
नीतिशिक्षणाचा तास यांचाच.
सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली.

त्यांची गादी उन्हात घालताना मासिक निघालं.
पानं तेलकट, शाई पुसट होत करडी झालेली.
लोण्यानं निघते हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं.
पण रेघ ओळखली.
मी डावरी, माझ्या रेघा उलट्या कलतात.
पान चौसष्ट. फेब्रुवारीतलं असावं.
गवतात पहुडलेली बाई, कुणाकडे तरी बघून हसणारी.
किती हळू काढलं होतं तिला
माझ्या काळ्यातून बाहेर!
कागद कुठेही फाटला नव्हता.

तर हे ते.
रात्री समोर बसून सूप पीत होते.
कुठे दुखावल्यासारखं दिसतंय का, मी चोरून पाहत राहिले.
मुळ्याच्या लोणच्याची शेवटची फोड
त्यांनी न बोलता माझ्याकडे सरकवली.

मासिक होतं तिथेच ठेवलं, होतं तसं.

सोमवारी साहेब म्हणाले, शाईवर लोकांनी उपाय काढलाय.
यापुढे सँडपेपर.
खरडायचं, आतला पांढरा कागद दिसेपर्यंत.
आता दिवसभर पांढरी भुकटी उडते,
बाहीवर, भुवयांवर, भातात.
आणि घरी जाताना मी लोणी घेते, मोठी वडी.
उपयोग नाही आता,
पण त्यांना हे सांगायचं कुणी?